अलमारी आवरताना



कपड्यांसारखा विषय शाळेच्या पत्रिकेत शोभेल का, अशी शंका हा लेख लिहायला घेताना आमच्या मनात आली होती. पण विचार केला, की सकाळी सात वाजता आपल्यापैकी बहुतेक घरांत ज्या एका गोष्टीवरून सगळ्यांत जास्त आवाज चढतात, ती गोष्ट म्हणजे कपडेच! कुणाचा पांढरा शर्ट सापडत नसतो, कुणाच्या ओढणीचा रंग जुळत नसतो, आणि अलमारीचे दार नीट लागत नसताना "घालायला काहीच नाही" हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. मग या विषयावर चार शब्द लिहायला हरकत काय?

लिहिणाऱ्या आम्ही दोघी जावा. थोरली बँकेत नोकरी करते, धाकटी घरीच शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाऊज, मुलींचे फ्रॉक, असे सगळे. थोरलीची मुलगी नववीत आहे, धाकटीचा मुलगा सहावीत. लेख दोघींचा आहे म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हटले आहे. जिथे आमचे एकमत नव्हते तिथे तसे सांगू. आणि हो, पुण्या-मुंबईचे पाहुणे 'कपाट' म्हणतात, आपण इंदूरकर मात्र 'अलमारी' म्हणतो. तेव्हा इथेही अलमारीच!

झाले असे, की आमचे जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधायचे ठरले आणि तोपर्यंत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे ठरले. जुन्या घरात लहानमोठ्या सात अलमाऱ्या, दोन लोखंडी पेट्या आणि माळ्यावर एक संदूक. फ्लॅटमध्ये भिंतीतल्या तीन अलमाऱ्या. घरात माणसे सात. हा हिशेब काही केल्या जमेना. तेव्हा आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आईच म्हणतो, म्हणाल्या, "भांडीकुंडी मग बघू. आधी कपडे मोजा."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कपडे मोजले. रुमाल, मोजे आणि आतले कपडे सोडून सात माणसांचे मिळून ६१४ नग भरले! त्यांत आम्हा तिघींच्या साड्याच १८७. मुलांना वाटले, आता आई आणि काकू सगळे वाटून टाकणार. पण आईंनी घाई करू दिली नाही. त्यांची पद्धत अशी: प्रत्येकाच्या फळीचे दोन भाग करायचे. सगळे कपडे उजवीकडे ठेवायचे. जो कपडा अंगावर घातला, तो धुऊन घडी घालून डावीकडे ठेवायचा. उजवीकडचे काही काढायचे नाही, टाकायचे नाही, त्यावर बोलायचेही नाही. अक्षय्य तृतीयेला बघायचे.

सहा महिन्यांत हिवाळा झाला, लग्नसराई झाली, मार्गशीर्षातले हळदीकुंकू, संक्रांत, शाळेचे स्नेहसंमेलन, गुढीपाडवा सगळे झाले. अक्षय्य तृतीयेला दारे उघडली. थोरलीच्या ७१ साड्यांपैकी डावीकडे आल्या होत्या १९. धाकटीच्या २२ कुर्त्यांपैकी ९. सहावीतल्या चिरंजीवांकडे २६ टी-शर्ट होते आणि त्यांतले तेच ६ आळीपाळीने अंगावर होते. आमच्या यजमानांचे, म्हणजे दोघा भावांचे, तर विचारूच नका. निळा, फिका निळा आणि निळ्या रेघांचा! बाकीचे रंग उजवीकडे सुखाने नांदत होते.

आता दोन प्रश्न होते. उजवीकडचे आले कुठून, आणि डावीकडचे सारखे का निघतात?

पहिल्या प्रश्नासाठी आम्ही वहीत चार रकाने आखले: विकत घेतलेले, भेट आलेले, आहेराचे, आणि घरातल्या कुणाचे तरी उतरलेले. न नेसलेल्या साड्यांपैकी निम्म्याहून जास्त आहेराच्या निघाल्या. त्यांत काही अशा, की घडीही मोडली नव्हती. आपल्या समाजात आहेराची साडी बऱ्याचदा नेसण्यासाठी येत नाही, पुढच्या लग्नात जाण्यासाठी येते. देणाऱ्याला ती आवडलेली नसते, घेणारीला आवडत नाही, आणि तरी बिचारी या घरातून त्या घरात फिरत राहते. धाकटीकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकाही हेच सांगतात. ब्लाऊजपीस ढीगभर, पण शिवायचे एखादेच. म्हणून आमच्या घरापुरता आम्ही निर्णय घेतला: यापुढे लग्नामुंजीत साड्यांचा आहेर द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही. खण-नारळाने ओटी भरावी आणि द्यायचेच असेल तर विचारून, उपयोगाचे द्यावे. दोन ठिकाणी नातेवाइकांनी नाके मुरडली. एका मामींनी मात्र आमचे हात धरून "बरे केलेत गं" म्हटले.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा निघाला. प्रत्येकाचे डावीकडचे कपडे पलंगावर मांडले, तर ते माणूसच समोर बसल्यासारखे दिसू लागले. थोरलीच्या साड्या सगळ्या बारीक काठाच्या, सुती किंवा सूत-रेशमाच्या, स्कूटरवरची धूळ दिसणार नाही अशा रंगांच्या. धाकटीचे कुर्ते गडद रंगाचे, खिसा असलेले, कारण टेप आणि खडू ठेवायला खिसा लागतो. बाही कोपरापर्यंत, कारण लांब बाही मशीनखाली येते. आईंच्या साड्या बारीक चौकड्यांच्या आणि बिनकांजीच्या, कारण कडक निऱ्या आता त्यांच्या बोटांना झेपत नाहीत. कुणी ठरवून केले नव्हते. पण ज्याचे जसे काम, चालणे, बसणे, तसे त्याचे कपडे.

मासिकांतून 'तुमची स्टाईल कशी निवडाल' असे लेख येतात. आम्हाला वाटते, स्टाईल बहुधा आपण आधीच निवडलेली असते. ती डावीकडे असते, आणि उजवीकडच्या गर्दीत ती आपल्याला दिसत नाही. ती एकदा दिसली, की खरेदी सोपी होते. आता आमच्याकडे एक नियम आहे. नवा कपडा घेण्याआधी, तो घरातल्या कोणत्या तीन गोष्टींबरोबर घालता येईल हे दुकानातच सांगायचे. साडी असेल तर कोणते ब्लाऊज, कुर्ता असेल तर कोणती सलवार, शर्ट असेल तर कोणती पँट. तीन सांगता आल्या नाहीत तर 'सेल' कितीही मोठा असो, तो कपडा दुकानातच बरा. कापड मार्केट असो की सीतलामाता बाजार, दुकानदाराने पन्नास साड्या उलगडल्या म्हणून एक घेतलीच पाहिजे, असा काही कायदा नाही!

इथवर सगळे हसतखेळत झाले. अडले ते माळ्यावरच्या संदुकीपाशी.

त्यात आईंची पाच नऊवारी लुगडी होती. त्यांतले एक माहेश्वरी, जांभळ्या रंगाचे, आईंना त्यांच्या सासूबाईंनी दिलेले. मुलांनो, माहेश्वर आपल्यापासून शंभरएक किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी (१७२५ ते १७९५) तिथे राजधानी नेली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. दरबारी भेटीसाठी द्यायची लुगडी आणि पागोटी तिथे विणली जाऊ लागली. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी काठांवर आली. चटाई, वीट, हिरा, आणि नर्मदेच्या पाण्यावरून घेतलेली लहर. पदरावर पाच पट्टे. काठ असा विणलेला, की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. आजच्या पुष्कळ माहेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, म्हणून ती हलकी राहते आणि मालव्याच्या उन्हाळ्यातही अंगाला जड होत नाही. मध्यंतरी हा धंदा अगदी रोडावला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था काढून विणकर स्त्रियांना पुन्हा मागावर बसवले, आणि माहेश्वरी परत दुकानांत दिसू लागली.

या लुगड्यांचे काय करायचे यावर आमच्या दोघींचे जमेना. धाकटीचे म्हणणे, नऊवारी आता घरात कुणी नेसत नाही. कापून मुलीला छान घागरा होईल, उरल्या कापडाची पिशवी होईल. वस्तू वापरात राहील. थोरलीचे म्हणणे, ज्या वस्त्राला दोन पिढ्यांचा हात लागला त्याला कात्री लावायची नाही, तसेच जपायचे. चार दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतेच बोलत होतो, हेही लिहून ठेवते बरे!

शेवटी आईंनी संदूक खाली काढायला लावली आणि पाचही लुगडी उजेडात उलगडली. घडी जिथे वर्षानुवर्षे एकाच जागी होती तिथे रेशीम चिरले होते. दोन लुगड्यांची जर काळी पडली होती. आई म्हणाल्या, "पेटीत ठेवले म्हणजे जपले असे नाही. कापड पेटीतही फाटते, फक्त आपल्याला कळत नाही. ज्याला नेसणारे कुणी आहे ते नेसा. ज्याला नाही ते कापा. पण माझ्या डोळ्यांदेखत काय ते करा. मी गेल्यावर तुम्ही दोघींनी यावरून भांडू नका."

त्या वाक्यानंतर खोलीत कुणीच बोलले नाही. तोपर्यंत आम्हाला वाटत होते, की आपण कापडाबद्दल बोलतो आहोत.

चिरलेल्या दोन लुगड्यांची गोधडी झाली. धाव-टाके आईंनी स्वतः घातले, जमेल तेवढे. दोन सुती लुगड्यांतून मुलीसाठी दोन कुर्ते आणि मुलासाठी एक झब्बा निघाला. माहेश्वरी मात्र नेसायची ठरली. चार संध्याकाळ बसून आईंनी नातीला नऊवारी शिकवली. काष्टा कसा घ्यायचा, निऱ्या कुठे खोचायच्या, आणि पिनेशिवाय पदर कसा राहतो. आता ते लुगडे मऊ मलमलीत गुंडाळून ठेवतो, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलतो, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देत नाही, आणि वर्षातून निदान दोनदा ते कुणीतरी नेसतेच.

अहिल्याबाईंच्या चित्रांत आणि पुतळ्यांत त्या नेहमी साध्या पांढऱ्या वस्त्रात दिसतात. लेकीने आजीला विचारले, "एवढ्या सुंदर साड्या विणवून घेतल्या आणि स्वतः का नेसल्या नाहीत?" खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात कामी आले, आणि त्या काळच्या विधवेला रंग निवडण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्या पांढऱ्या रंगाला केवळ साधेपणाची हौस म्हणता येणार नाही. काय घालायचे हे स्वतः ठरवता येणे ही फार थोड्या बायकांना मिळालेली गोष्ट होती. तुम्हा मुलींना ती मिळाली आहे, तर ती मैत्रिणींच्या धाकाने घालवू नका, एवढेच आजीने तिला सांगितले.

आणि आता ज्या कारणासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे, त्याकडे येतो.

मोजामोजी चालू असताना सहावीतला आमचा मुलगा सहज म्हणाला, "काकू, माझे एवढे टी-शर्ट आहेत, तर वाढदिवसाला एक त्याला देऊ का?" कुणाला, म्हणून विचारले, तेव्हा कळले. त्याच्या ओळखीतला एक मुलगा स्वतःच्या वाढदिवसाला दरवर्षी शाळेत गैरहजर असतो. दुसऱ्या दिवशी गणवेशात येतो आणि मोजक्या मित्रांना गोळ्या वाटतो. वाढदिवसाला रंगीत कपडे घालून यायची मुभा असते. मुभा असते म्हणजे मुलांच्या दृष्टीने सक्तीच असते. आणि रंगीत म्हणजे नवा. नवा नसेल तर त्या दिवशी घरीच बरे, असे त्या मुलाने स्वतःच ठरवून टाकले होते. घरी त्याने आईवडिलांना काय सांगितले असेल, कुणास ठाऊक!

नववीतल्या आमच्या मुलीने मग आणखी सांगितले. संमेलनाच्या, सहलीच्या दिवशी मोबाईलवर फोटो निघतात. ते सगळ्यांकडे जातात आणि राहतात. "हा तर मागच्या वेळचाच ड्रेस!" असे एखादी हसत म्हणते. म्हणणारीच्या मनात काही नसते, पण ऐकणारी पुढच्या वेळी पोटात दुखते म्हणून येत नाही. आमच्या लहानपणी दिवाळीचा एक ड्रेस वर्षभर सगळीकडे चालायचा आणि तो कुणाच्या लक्षातही राहायचा नाही, कारण फोटो वर्षातून एकदा निघायचा.

मुलांनो, आमच्या घरातला हिशेब तुम्ही वाचलातच. थोरल्या माणसांनाही सहा महिन्यांत तेच ते कपडे पुन्हा पुन्हा घालावेसे वाटतात. पुन्हा घातलेला कपडा म्हणजे आवडता कपडा. यात लाज कसली? उलट एक गोष्ट लक्षात घ्या. एका सुती टी-शर्टासाठी कापूस पिकवण्यापासून कापड होईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. आपल्या इंदूरला प्यायचे पाणी सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून, घाट चढवून आणावे लागते. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. सहा टी-शर्ट झिजेपर्यंत घालणारा मुलगा कंजूष नाही, शहाणा आहे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळाला आमची दोन नम्र विनंत्या आहेत.

पहिली, वाढदिवसाला सर्व विद्यार्थ्यांनी गणवेशातच यावे. वर्गशिक्षकांनी त्या दिवशी त्याच्या खिशाला एक फूल लावावे, सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात. फूल सगळ्यांना सारखेच शोभते.

दुसरी, शाळेत एक गणवेश पेढी असावी. मुले दर वर्षी वाढतात, गणवेश मात्र पुष्कळदा चांगला असतानाच आखूड होतो. आपल्या घरांत मोठ्या भावाचे उतरलेले कपडे धाकट्याला, आतेबहिणीचे मामेबहिणीला, अशी पद्धत होतीच. हेच शाळेच्या पातळीवर करायचे. मार्चच्या शेवटी गणवेश जमा करायचे, जूनमध्ये ज्याला जो हवा तो घ्यायचा. नाव लिहायचे नाही, कारण विचारायचे नाही. आणि सुस्थितीतल्या घरांनीही त्यातून घ्यावे, म्हणजे पेढी ही गरिबांसाठी आहे असे कुणाला वाटणार नाही. आमची दोन्ही मुले या जूनमध्ये तिथूनच गणवेश घेतील. धाकटी दर शनिवारी दोन तास मशीन घेऊन बसायला तयार आहे. बटणे लावणे, चेन बदलणे, आणि दुमड सोडून लांबी वाढवणे. नवा गणवेश शिवतानाही शिंप्याला सांगून खाली दोन इंच दुमड आत ठेवून घ्यावी. आणखी एक वर्ष सहज निघते.

देण्याबद्दलही दोन शब्द. उजवीकडचे कपडे देताना आम्ही आधी सगळे धुतले, तुटलेली बटणे लावली. जे आपण स्वतः घालून दारात उभे राहू शकणार नाही, ते दुसऱ्याला द्यायचे नाही. त्याची फडकी करायची किंवा बर्तनवालीला द्यायचे. ज्यांना दिले त्यांच्यापुढे गाठोडे टाकले नाही. दोरीवर टांगून ठेवले आणि हवे ते निवडा म्हटले. घरी कामाला येणाऱ्या मावशींनी एक फिकी पिवळी साडी निवडली आणि लाल भडक साडी बाजूला सारली. म्हणाल्या, "ही मला शोभत नाही." आवडनिवड सगळ्यांनाच असते. २०२३ च्या मे महिन्यात देशभरातल्या शहरांत जुन्या कपड्यांसाठी आणि पुस्तकांसाठी संकलन केंद्रे उघडली होती, तेव्हाही स्वच्छ धुतलेले कपडेच लगेच उचलले जात होते, हे आम्ही पाहिले होते.

आता फ्लॅटमधल्या तीन अलमाऱ्यांत आम्ही सातजण मावतो. सकाळचा आरडाओरडा पुष्कळ कमी झाला आहे, अगदी संपला असे म्हणणार नाही!

येत्या पालक-शिक्षक सभेत वरच्या दोन्ही विनंत्या आम्ही मांडणार आहोत. ज्यांना पटत असेल त्यांनी हात वर करावा. ज्यांना पटत नसेल त्यांनीही यावे आणि सांगावे. फक्त एकच आठवण ठेवावी, की ज्या मुलाबद्दल आपण बोलत असू, तो कदाचित आपल्याच मुलाच्या शेजारी बसत असेल.